आठ वेळा दान झालेला तराजू

पंधरा नोव्हेंबर १९९८, रविवार. त्या सकाळी काटेवाल्यांच्या बायकोच्या पर्समध्ये एक हजार आठशे चाळीस रुपये होते. अठराशे रुपये खालच्या कवळीचे आणि चाळीस रुपये दोघांच्या बसभाड्याचे. सोमवारी सकाळी दातांच्या डॉक्टरांकडे जायचे ठरले होते. रविवारी एवढी रक्कम घेऊन चर्चला जायचे खरे तर काही कारण नव्हते. पण उपासना संपल्यावर काटेवाले एक वस्तू आणायला एकटेच घरी परतणार होते, आणि नवरा व पैसे एका घरात एकटे सोडायचे नाहीत हा धडा बाई संसाराच्या पहिल्याच वर्षी शिकल्या होत्या.

काटेवाले म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे. बाजारामागच्या गल्लीत, जिन्याखाली त्यांचे दुकान होते. आत एक बाकडे, एक दिवा आणि भिंतीवर टांगलेल्या दांड्या. दुकानदार आपले तराजू आणि वजने घेऊन येत. झिजलेल्या वजनाच्या बुडातल्या भोकात शिशाचा थेंब ओतून ते पुन्हा पुऱ्या वजनाचे करायचे, दांडी जिच्यावर डुलते ती धार घासायची आणि रिकामी पारडी समोरासमोर येईपर्यंत श्वास रोखून बसायचे, असे त्यांचे काम. त्यात त्यांना केसाएवढा फरक खपत नसे. भाजीवाल्याने चार शेंगा जास्त टाकल्या तर त्या परत काढायला लावत. "तुझा तोटा नको, माझा फायदा नको," म्हणत. मागे ताटकळलेल्या बायका कपाळाला हात लावत.

हाच माणूस कुणाला काही द्यायची वेळ आली की माप विसरून जाई.

त्यातही एक खोड होती. सरळ हातावर पैसे ठेवणे त्यांना जमत नसे. ते विकत घेत. गल्लीतला रंगारी काम सुटून बसला होता तेव्हा काटेवाले त्याच्या घरी गेले, इकडचे तिकडचे बोलले आणि जाताना म्हणाले, "ही शिडी विकायची आहे का हो? मी कधीपासून शोधतोय." शिडीच्या दोन पायऱ्या गायब होत्या. त्यांनी नव्या शिडीची किंमत मोजली आणि ती खांद्यावर टाकून भर दुपारी घरी आले. अशा रीतीने त्यांच्या घरी गरम न होणाऱ्या तीन इस्त्र्या, पक्षी नसलेला एक पिंजरा आणि एक कुबडी जमा झाली होती.

"एकच कुबडी?" बायकोने विचारले होते. "दुसरी कुठं आहे?"

"तो अर्धाच बरा झालाय. एक त्याला लागते."

"अहो, हे घर आहे की जप्तीचं गोदाम? पिंजरा कशाला लागतो आपल्याला?"

"उद्या पक्षी आणला तर?"

"आणा बघू. तो पिंजऱ्यात आणि मी माहेरी."

मंडळीचे खजिनदार बँकेत हेडक्लार्क होते. हिशेबी माणूस. त्यांनी एकदा काटेवाल्यांना बाजूला घेऊन विचारले, "द्यायचंच आहे तर रोख द्या. पावती फाडतो. हे भंगार कशाला गोळा करता?"

काटेवाले जरा घुटमळले. मग म्हणाले, "पैसे दिले की घेणाऱ्याची मान खाली जाते. विकत घेतलं की तो माझ्याशी घासाघीस करतो. परवा त्या रंगाऱ्यानं शिडीचे वीस रुपये वाढवून मागितले. बरं वाटलं."

"तुम्हाला बरं वाटलं?"

"त्याला बरं वाटलं ना."

खजिनदारांना या व्यवहाराची नोंद कोणत्या खात्यात करायची ते कळले नाही, आणि तो विषय त्यांनी सोडून दिला.

ही खोड काटेवाल्यांना लागली ती एका तराजूमुळे. ते लहान असताना वडील गेले. आईने पैशांच्या अडचणीत वडिलांचा पितळी तराजू विकायला काढला. तो घेतला त्या वेळच्या वृद्ध पाळकसाहेबांनी. पाळकसाहेबांना तराजूचे काय काम? ते तोलून मापून बोलतही नसत. त्यांनी भाव केला, आईने दहा रुपये वाढवून घेतले, त्यांनी पैसे मोजले आणि उठताना म्हणाले, "आमच्याकडे ठेवायला जागा नाही. तुमच्याचकडे राहू द्या. लागला की नेईन." त्यांच्या घराची एक खोली कायम रिकामी असे हे सगळ्या मंडळीला ठाऊक होते. तराजू न्यायला ते कधी आले नाहीत. पुढे ते प्रभूच्या घरी गेले, काटेवाल्यांची आईही गेली, आणि तराजू भिंतीवर राहिला. काटेवाल्यांच्या मते तो त्यांचा नव्हताच. विकलेला माल. म्हणजे आता तो चर्चचा.

म्हणून आभाराच्या रविवारी ते तराजू चर्चला देत.

त्या दिवशी उपासनेनंतर आवारात लिलाव होत असे. ज्याने त्याने आपल्या कमाईतून काही आणायचे, कुणी भोपळा, कुणी अंडी, कुणी विणलेली उशी, आणि बोली लावून ते विकायचे. येणारे पैसे त्या वर्षी ज्याला गरज असेल त्याच्याकडे जात. काटेवाल्यांनी पहिल्या वर्षी तराजू दिला तेव्हा बोली साठ रुपयांवर अडकली. एवढ्या चांगल्या कामाला साठच रुपये? त्यांना राहवले नाही. त्यांनी हात वर केला. समोरच्याने वाढवले, यांनी वाढवले, आणि एकशे दहा रुपयांना स्वतःचीच वस्तू घेऊन ते घरी आले. दुसऱ्या वर्षी तसेच. तिसऱ्या वर्षापर्यंत सगळ्यांनी ओळखले. मग चौकातला बेकरीवाला दरवर्षी हटकून बोली चढवू लागला. काटेवाले सोडणार नाहीत याची त्याला खात्री असे. अगदी शेवटी हात जोडून म्हणे, "घ्या बाबा, तुमचंच पारडं जड." सात वर्षांत तराजू सात वेळा दान झाला आणि सात वेळा त्याच खिळ्याला परत टांगला गेला. गेल्या वर्षीचा भाव सातशे पंचवीस होता. खजिनदार तर अंदाजपत्रकात ही रक्कम आधीच धरू लागले होते.

मात्र त्या सातशे पंचवीस रुपयांनी बाईंचे दात गेले होते. म्हणजे दात आधीच गेले होते, खालचे पुढचे सगळे. गेली ती कवळी. खाण्याचे बाईंना एवढे वाटत नव्हते. एका बाजूने चावून माणूस जगतो. पण त्या चर्चच्या गायनवृंदात वीस वर्षे पहिल्या ओळीत उभ्या राहून गात, आणि दात गेल्यापासून गाताना तोंडातून शिट्टी वाजू लागली. एका रविवारी भर गीतात ती एवढी लांब वाजली की शाळेतल्या पी.टी.च्या मास्तरांचा हात आपोआप खिशातल्या शिट्टीकडे गेला. लोक हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. पुढच्या रविवारपासून बाई शेवटच्या बाकावर बसू लागल्या. ओठ घट्ट मिटून. घरी भांडी घासतानाही त्यांनी गाणे बंद केले. घर एकदम शांत झाले, आणि ती शांतता काटेवाल्यांना सोसेना. वर्षभर एकही कुबडी, एकही इस्त्री विकत न घेता त्यांनी बिस्किटांच्या डब्यात पैसे साठवले.

शनिवारी संध्याकाळी जेवण झाल्यावर बाईंनी विषय काढला.

"उद्या तराजू नेणार?"

काटेवाले चाचरले. "नको नेऊ?"

"मी कुठं नको म्हटलं? देवाला दिलेलं मी कशाला अडवू? तराजू न्या. हात नेऊ नका."

"म्हणजे?"

"म्हणजे बोली लावायची नाही. जाऊ दे एकदाचा तो कुणाच्या तरी घरी. शब्द द्या."

"दिला."

"कुणाला?"

"तुला."

"मला दिलेल्या शब्दांचं काय होतं ते मी बघितलंय. प्रभूसमोर द्या."

काटेवाल्यांनी डोळे मिटले आणि छोटीशी प्रार्थना केली. तिच्यात मोह हा शब्द दोनदा आला.

त्या वर्षी मदत जायची होती घंटामावशीकडे. चर्चची घंटा वाजवणारी ही बाई आवारामागच्या एका खोलीत राहत असे. तीस वर्षे घंटेखाली उभे राहून तिचे कान जवळजवळ गेले होते, आणि खोलीचे पत्रे गंजून चाळणी झाली होती. पाऊस आला की ती खाट सरकवत सरकवत पहाट करी. नव्या पत्र्यांना आणि मजुरीला नऊ हजार लागणार होते. खजिनदारांनी आवारात फळा लावून त्यावर खडूने मोठ्या अक्षरांत आकडा लिहिला होता. खाली सुताराने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते : खिळे वेगळे, पंधरा रुपये.

लिलाव पुकारायला पी.टी.चे मास्तर होते, कारण त्यांना कर्णा लागत नसे. भोपळे गेले, उश्या गेल्या. घंटामावशीने कुंडीतली तीन लिंबे आणली होती. स्वतःच्याच छपरासाठी चाललेल्या लिलावात तिने ती दिली, आणि लिंबे तीस रुपयांना गेली. सगळी बेरीज करून खजिनदारांनी फळ्यावर लिहिले, सात हजार एकशे दहा. उरला तराजू. फळ्यावर कमी होते अठराशे नव्वद.

"आता, मंडळी," मास्तरांनी तराजू उंच धरला, "आपली माहेरवाशीण!"

हशा पिकला. "यंदा तरी तिला सासरी नांदू द्या!" कुणीतरी ओरडले.

"शंभर!" बेकरीवाल्याने सुरुवात केली आणि काटेवाल्यांकडे बघून डोळा मारला.

काटेवाले बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. शेजारी बाई, मांडीवर पर्स.

"शंभर एक वार!"

काटेवाले समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

"शंभर दोन वार!"

बेकरीवाल्याचे हसू मावळले. "अहो काटेवाले! झोप लागली का?"

"नाही. जागा आहे."

"मग बोला की!"

"यंदा नाही."

"यंदा नाही म्हणजे? अहो, माझ्याकडे विजेचा काटा आहे. हे घेऊन मी काय करू? पाव टांगू?"

लोक पोट धरून हसू लागले. काटेवाल्यांना मात्र घाम फुटला होता. शंभर रुपये. खोलीचा एक कोपराही झाकणार नाही. हात मांड्यांखालून सुटू बघत होते. त्यांनी आणखी वजन टाकले.

"दीडशे!"

आवाज मागून, चर्चच्या पायरीवरून आला. सगळ्यांनी माना वळवल्या. घंटामावशी हात वर करून उभी होती. बेकरीवाल्याने सुटकेचा एवढा मोठा श्वास टाकला की पुढच्या बाकावरच्याची टोपी हलली.

"मावशी, तुम्ही?" मास्तर म्हणाले.

"का? मी मंडळीतली नाही?"

"तसं नाही, पण पैसे आहेत का जवळ?"

"पैसे कशाला लागतात?" स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ती नेहमी ओरडूनच बोले. "शेवटी काटेवाले घेतातच. मी आपली वाढवून देते!"

मास्तर नियमाचे पक्के. शर्यतीत पाय रेषेवर पडला तर स्वतःच्या मुलालाही बाद करणारे. "बोली ती बोली," म्हणाले. "दीडशे एक वार!"

बाई नवऱ्याकडे वळल्या. "अहो, ही स्वतःच्या छपराचे पैसे स्वतःच भरणार!"

"हो."

"मग बोला ना काहीतरी!"

"शब्द दिलाय."

"दीडशे दोन वार!"

बाईंनी नवऱ्याच्या दाबून धरलेल्या हातांकडे पाहिले. "जन्मात एकदा शब्द पाळताय, तोही नेमका आजच!" असे म्हणून त्यांनी स्वतःचा हात वर केला. पर्स मनगटाला लोंबत होती. "दोनशे!"

बाईंना वाटले होते की मावशी आता थांबेल. पण मावशीला कोण आनंद झाला! इतकी वर्षे ती हा खेळ पायरीवरून बघत आली होती, आज तिला त्यात शिरकाव मिळाला होता. "तीनशे!" बाईंनी साडेतीनशे म्हटले. "पाचशे!" बाईंनी मागे वळून हाताने थांब अशी खूण केली. मावशीला वाटले ती आपल्याला दाद देते आहे. तिनेही हात हलवला आणि म्हणाली, "सातशे!" बेकरीवाला बाकावर उभा राहून बघू लागला. असा लिलाव त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. एकीकडे पैसे असून ते द्यायचे नसलेली, आणि दुसरीकडे दमडी नसून बोली चढवत निघालेली.

अकराशेच्या सुमारास काटेवाल्यांच्या लक्षात आले की बायको आता मागे वळून बघतच नाही. ती फळ्याकडे बघत होती. ओठ हलत होते. तोंडातल्या तोंडात ती वजाबाकी करत होती.

चौदाशेला सध्याचे पाळकसाहेब पायरीवर गेले आणि त्यांनी मावशीचा वर केलेला हात अलगद आपल्या हातात धरून खाली घेतला. मावशीला वाटले ते अभिनंदन करत आहेत. तिने दुसराही हात दिला.

"साडेचौदाशे, काटेवालीणबाई," मास्तर म्हणाले. "एक वार! दोन वार!"

आता कुणी बोलणार नव्हते. काटेवाल्यांनी मनात हिशेब केला. जवळ तीनशे नव्वद उरतील. दात नाहीत, पण बसभाडे आहे. ते श्वास सोडणार, एवढ्यात शेजारून आवाज आला.

"एकोणीसशे पाच."

मास्तरांनी तराजू खाली घेतला. "बाई, आधीची बोलीही तुमचीच आहे."

"माहीत आहे मला."

"स्वतःच्या बोलीवर बोली लावत नाहीत."

"कुठं लिहिलंय?"

मास्तरांनी खजिनदारांकडे पाहिले. खजिनदारांनी पाळकसाहेबांकडे पाहिले. पाळकसाहेबांचे दोन्ही हात मावशीने धरून ठेवले होते.

"पण एकोणीसशे पाचच का?" खजिनदारांना राहवेना.

"अठराशे नव्वद पत्र्यांचे आणि पंधरा खिळ्यांचे. नुसते पत्रे ठेवून काय करता, वर दगड ठेवणार?"

"एक-दोन-तीन वार!" मास्तरांनी एका दमात म्हटले, बाई पुन्हा वाढवतील या भीतीने.

बाईंनी पर्स उघडून खजिनदारांच्या टेबलावर नोटा ठेवल्या. अठराशे चाळीस. "पासष्ट राहिले," म्हणाल्या. "देईन."

घरी जाताना तराजू काटेवाल्यांच्या हातात होता. बाई चार पावले पुढे. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर काटेवाल्यांनी धीर केला.

"मी हात बाहेर काढला नाही हं."

"बघितलं मी. मुंग्या आल्या असतील."

"आल्या."

"छान झालं."

थोडे चालल्यावर काटेवाले पुन्हा म्हणाले, "साडेचौदाशेला सुटली होतीस तू."

"सुटले होते." बाई थांबल्या नाहीत. "मग तो फळा दिसला. अर्धं छप्पर घालून कुणी उरलेल्याची प्रार्थना करावी, हे मला नाही जमत. आणि एक अक्षर बोलू नका. खिळा ठोकलेलाच आहे, टांगा त्याला."

काटेवाल्यांनी टांगला. पारडी हलली आणि हळूहळू समोरासमोर आली.

दातांची गोष्ट घंटामावशीला सोमवारी बेकरीवाल्याकडून कळली. ती दुपारी दारात येऊन उभी राहिली. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

"तुझे दात माझ्या छपरावर बसवले की गं मी!"

"बसू देत," बाई तिच्या कानाशी जाऊन म्हणाल्या. "माझ्या तोंडात नुसते चावले असते. तिथं पाऊस अडवतील."

मावशीने चहा घेतला, पण तिचे समाधान होईना. कप ठेवून ती म्हणाली, "मग गा तरी. शेवटच्या बाकावर तोंड शिवून बसतेस ते मला घंटेच्या दोरीपासून दिसतं. शिट्टी वाजली तर वाजली. मला तशीही नीट ऐकू येत नाही."

यावर बाईंना हसू आले. इतके की तोंडावर हात धरायचे त्या विसरल्या, आणि काटेवाल्यांनी दुकानातून येताना ते हसणे जिन्यावरूनच ऐकले.

पुढच्या रविवारी बाई गायनवृंदात पहिल्या ओळीत जाऊन उभ्या राहिल्या. पहिल्या कडव्याला शिट्टी वाजली, दुसऱ्याला जरा जास्त वाजली. मास्तरांचा हात खिशाकडे गेला आणि त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. बेकरीवाला मान खाली घालून हसला, मग त्याच्या लक्षात आले की बाई त्याच्याचकडे बघत गात आहेत, तेव्हा तोही गाऊ लागला. काटेवाल्यांनी त्या गीतातला एक शब्दही म्हटला नाही. ते नुसते ऐकत होते.

पत्रे महिनाअखेर बसले. खिळ्यांना बरोबर पंधरा रुपये लागले.

उरलेल्या पासष्ट रुपयांसाठी खजिनदार दोनदा म्हणाले की छप्पर तर झाले, चहापाण्याच्या शिलकीतून भागवू, ही रक्कम माफ समजा. बाई म्हणाल्या, "दिलेलं माफ करतात होय कुणी?" मग काटेवाल्यांनी एकदा संध्याकाळी सहज विचारावे तसे विचारले, "तुझी ही जुनी पर्स विकायची आहे का गं? मी कधीपासून शोधतोय. पासष्टपर्यंत देईन."

बाईंनी पर्स काखेत मारली. "बोली माझी आहे," म्हणाल्या.

पासष्ट रुपये अद्याप येणे आहेत.